गोंदियातून पाहिलेले विनोदपट

१/
आवडत्या विनोदी मराठी चित्रपटांची यादी करायला सांगितली, की पुण्यामुंबईचा रसिक दशकांच्या क्रमाने बोलू लागतो. आधी मास्टर विनायक, मग राजा परांजपे, मग दादा कोंडके, मग लक्ष्या-अशोक. माझ्याही यादीत हीच नावे आहेत, पण क्रम निराळा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या माझ्या पिढीच्या प्रेक्षकाला दादा कोंडके आधी भेटले आणि मास्टर विनायक तीस वर्षांनी. असे का झाले, याचा शोध घेताना ही वैयक्तिक यादी एका नकाशाचा इतिहास निघाली. तोच या धाग्यात मांडतो आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम नकाशा. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. पण हा भंडारा जिल्हा तरी मुंबई इलाख्यात कधी होता? इंग्रजी अमदानीत तो मध्य प्रांतात, म्हणजे पुढच्या ‘सीपी अँड बेरार’मध्ये. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. म्हणजे कोल्हापूर-पुण्याच्या स्टुडिओंत मराठी विनोदपटाचे पहिले वैभवशाली पर्व घडत होते, तेव्हा गोंदियाचा प्रेक्षक दुसऱ्याच राज्यात राहत होता.

३/
सरकारी सीमा बदलल्या, चित्रपट व्यवसायाने मात्र जुना नकाशा जपून ठेवला. वितरणाच्या भाषेत विदर्भ आजही ‘सीपी-बेरार सर्किट’मध्ये मोडतो. ज्या प्रांताचे नाव १९५० साली पुसले गेले, ते वितरकांच्या कागदांवर टिकून राहिले! अमरावती आणि भुसावळ ही या सर्किटची मुख्य ठाणी. मुंबई, पुणे, कोल्हापूर ज्या सर्किटमध्ये येतात, ते निराळे. मुंबई सर्किटचे हक्क विकून निर्मात्याचा खर्च निघाला, की मोजक्या प्रिंटांची एखादी पेटी पूर्वेकडे निघे. आधी मोठी शहरे, मग लहान, मग तालुक्याची गावे. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन, पण येथे येणारी पेटी बहुधा हिंदी चित्रपटाची असे.

४/
त्यात अस्वाभाविक काही नव्हते. गोंदिया शहर भाताच्या गिरण्यांचे आणि व्यापाराचे. बाजारात हिंदी, घरात पोवारी, मराठी, छत्तीसगढी किंवा गोंडी. १९६८चा ‘पडोसन’ अथवा १९७९चा ‘गोलमाल’ पाहताना येथे कुणाला परक्या भाषेतले काही पाहतो आहोत असे वाटत नसे. मेहमूद आणि उत्पल दत्त ही आमच्याकडे घरचीच माणसे. प्रश्न एवढाच उरतो, की मराठीतून हसायचे तर ते कुठे?

५/
उत्तर चित्रगृहात नव्हते, धानाच्या शेतात होते. दिवाळी झाली, हलका धान निघाला, की गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री दंडार, खडी गंमत आणि नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांतील धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि येथील नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत चालतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेवर जाते. नाटक कितीही करुण असो, त्यात विनोदी पात्राची स्वतंत्र कामगिरी असतेच. ते पात्र फसले, तर दुसऱ्या दिवशी गावभर नाटक फसल्याची वार्ता.

६/
खडी गंमत हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे. पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशाची ही पूर्वेकडची भावंडे. पडदा नाही, नेपथ्य नाही. शाहीर आणि साथीदार उभे राहून खेळ रंगवतात, म्हणून ‘खडी’. ढोलकी, डफ, तुणतुणे एवढा सरंजाम. नाच करणारी ‘बाई’ म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष, अर्थात नाच्या. आणि त्याच्यासमोर सोंगाड्या, जो गावच्या पाटलापासून देवादिकांपर्यंत कुणालाही सोडत नाही. हे चित्र मनात ठेवावे; पुढे त्याची दोनदा गरज पडणार आहे.

७/
आता चित्रपट. माझ्या यादीतला काळाने सर्वांत जुना चित्रपट ‘ब्रह्मचारी’, १९३८चा. कोल्हापूरची हंस पिक्चर्स, लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचे व्रत घेणारा औदुंबर आणि ते व्रत मोडून काढणारी किशोरी. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखाचा तेव्हा एवढा गाजावाजा झाला, की चित्रपटाचा खरा नेम कुणावर होता हे झाकले गेले. नेम होता भाषणबाजीतून एका रात्रीत संत होणाऱ्या तरुणांवर. ही जात अद्याप नामशेष झालेली नाही.

८/
दुसऱ्या वर्षी त्याच मंडळींचा ‘ब्रँडीची बाटली’. मुंबई इलाख्यात दारूबंदीचे वारे वाहत असताना दारूचा गंधही नसलेला एक भाबडा कारकून औषधासाठी ब्रँडी शोधत शहरभर फिरतो. दामूअण्णा मालवणकरांच्या तिरळ्या नजरेतच निम्मा विनोद होता. १९४०ला ‘लग्न पहावे करून’ आला. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ त्यात दामूअण्णा आणि विष्णुपंत जोग झाले. लग्न ठरवण्याच्या उद्योगातली मध्यमवर्गीय फजिती त्यात आहे. हे दोन्ही चित्रपट मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. माझ्या आजोबांच्या उमेदीत ते बनले आणि आजोबांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते.

९/
१९५०चे दशक राजा परांजपे आणि ग. दि. माडगूळकर यांचे. एकाच वर्षी, १९५२ला, ‘पेडगावचे शहाणे’ आणि ‘लाखाची गोष्ट’. मला दुसरा अधिक प्रिय. ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे, एवढीच अट. खर्च करू पाहावे, तर पैसा संपतच नाही. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला ही कल्पना किती गुदगुल्या करणारी वाटली असेल! या चित्रपटाने राजा गोसावी नायक झाले. पुण्याच्या भानुविलास चित्रगृहात ते तिकीटविक्रीच्या खिडकीवर काम करीत आणि पडद्यावर स्वतः झळकत असलेल्या चित्रपटाची तिकिटे त्यांनीच विकली, ही आठवण मराठी चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. ‘लाखाची गोष्ट’चे तिकीट लाखाचा नायकच विकतो आहे, याहून चांगला विनोद पटकथेतही नाही.

१०/
१९५३चा ‘गुळाचा गणपती’ सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका पु. ल. देशपांड्यांची. त्यानंतर पु. लं.चा विनोद चित्रपटापासून दूर सरकून रंगमंचावर आणि पुस्तकांत स्थिरावला. हे पुस्तकांचे नुकसान नव्हे, चित्रपटाचे आहे.

११/
या साऱ्या चित्रपटांत एक समान गोष्ट आहे. विनोद वाङ्मयातून आलेला आहे. अत्रे, चिं. वि., गदिमा, पु. ल. वाचणाऱ्या, व्याख्याने ऐकणाऱ्या, चाळीत आणि वाड्यात राहणाऱ्या प्रेक्षकाला तो सहज उमगे. ज्या प्रदेशात तो वाङ्मयीन संस्कार पातळ होता आणि मंडईचा संस्कार दाट होता, तेथे असा चित्रपट पोचला असता तरी कितपत रुजला असता, याविषयी मला शंका आहे. पण पोचलाच नाही, तर परीक्षा तरी कशी व्हावी?

१२/
परीक्षा १९७१ला झाली. ‘सोंगाड्या’. दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, लेखक वसंत सबनीस, नायक दादा कोंडके. आईच्या धाकातला भोळा नाम्या तमाशा पाहायला जातो आणि स्वतःच सोंगाड्या होऊन बसतो. दादरच्या कोहिनूर चित्रगृहातून देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी तो काढला जाणार होता आणि शिवसेनेच्या आंदोलनामुळे टिकला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत तो मराठी माणसाच्या हक्काचा प्रश्न झाला. आमच्याकडे असा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे लोकांनी पडद्यावर तो मनुष्य पाहिला, ज्याला ते दर मंडईत पाहत आले होते. नावच ओळखीचे! सोंगाड्या म्हणजे कोण, हे झाडीपट्टीत कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

१३/
येथे थोडे थांबतो, कारण दादांचा पडद्यापर्यंतचा प्रवास या धाग्याचा कणा आहे. जन्म १९३२, मुंबईतल्या नायगावच्या चाळीत. अपना बाजारमध्ये नोकरी, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात सोंगे. मग सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य. ते पाहून आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि १९६९च्या ‘तांबडी माती’त दादांना भूमिका मिळाली. दोन वर्षांत ‘सोंगाड्या’. प्रतिभा असामान्य होतीच. पण ही साखळी नीट पाहावी: चाळ, कलापथक, नाट्यगृह, पार्श्वगायिका, दिग्दर्शक. पार्श्वगायिकेच्या नजरेस पडणारे नाट्यगृह मुंबईतच असते. मंडईच्या मैदानात पहाटे तीनला कुणी कितीही हसवो, त्या प्रेक्षकांत आशा भोसले बसलेल्या नसतात.

१४/
‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’. एकामागून एक रौप्यमहोत्सव. शिष्ट समीक्षकांनी द्व्यर्थी संवादांवरून नाके मुरडली. त्यांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. उत्तरार्धातल्या दादांच्या चित्रपटांत द्व्यर्थ उरतो आणि भाबडेपणा हरवतो, असे माझेही मत आहे. मात्र १९७५च्या ‘पांडू हवालदार’मधला पोलीस पाहावा. वर्दीतला माणूस एवढा सामान्य, एवढा आपल्यातला, त्यापूर्वी मराठी पडद्यावर मी पाहिलेला नाही. आणि त्याच चित्रपटात अशोक सराफ नावाचा नट महाराष्ट्राला नीट दिसला.

१५/
१९८०चे दशक अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या नावे लिहिले गेले. १९८२चा ‘एक डाव भुताचा’ हा माझा खास लाडका. त्यात दिलीप प्रभावळकर शिक्षक आणि अशोक सराफ भूत. १९८५ला महेश कोठारे यांचा ‘धुमधडाका’, जो मुळात १९६४च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटाचा वंशज. पुढे १९९३च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, रामदास पाध्यांचा बाहुला. तो पाहून भाऊबहिणींनी घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडल्या, हे अनेक घरांत घडले असावे. आमच्या घरात घडले.

१६/
आणि २३ सप्टेंबर १९८८. ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगावकरांचे दिग्दर्शन, मूळ १९६६चा हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’. लेखक पुन्हा वसंत सबनीस! ‘विच्छा’, ‘सोंगाड्या’ आणि ‘बनवाबनवी’ ही तिन्ही एकाच लेखणीतून उतरली. वगाची तालीम झालेल्या लेखकाने शहरी भाडेकरूंची कथा लिहिली, म्हणूनच धनंजय मानेच्या थापा वगातल्या सवालजवाबासारख्या एकमेकींवर चढत जातात. सबनीसांचे नाव आमच्या गावांत फारसे कुणाला माहीत नाही. त्यांच्या विनोदावर मात्र तीन पिढ्या पोसल्या.

१७/
चित्रपटाची मध्यवर्ती अडचण घराची. पुण्यात खोली मिळत नाही, लीलाबाई काळभोर बायकांसकट जोडपीच ठेवून घेतात, म्हणून सुधीर ‘सुधा’ होतो आणि परशा ‘पार्वती’. १९८८ला गोंदियाकडच्या खेड्यात घराची टंचाई ही कल्पनाच विनोदी होती. टंचाई रोजगाराची होती, खोलीची नव्हे. पुढे याच गावांतली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. आठ-आठ जण एका सदनिकेत राहिले, घरमालकांच्या अटी ऐकू लागले. त्यांच्यासाठी ‘बनवाबनवी’ हळूहळू वास्तववादी चित्रपट झाला.

१८/
लुगड्यातल्या पुरुषांविषयी. भारतीय चित्रपटाची पहिली नायिकाच पुरुष होती. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण फाळक्यांना स्त्री मिळेना. परेश मोकाशींच्या २००९च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने हा प्रसंग फार हळुवार हसत दाखवला आहे. मुंबईच्या प्रेक्षकाला ती जुनी गंमत वाटली. झाडीपट्टीत नाच्याची परंपरा जिवंत होती. म्हणून ‘सुधा’ आणि ‘पार्वती’ पडद्यावर आल्या, तेव्हा येथील म्हाताऱ्या मंडळींनी त्यांना नाच्याच्या कसोटीवर तोलले. पदर नीट आहे का, चाल नीट आहे का! माझ्या आजोबांनी सचिनला पास केले. लक्ष्मीकांत नापास. मुद्दाम वाईट ‘बाई’ होणे हाच तेथे विनोद होता, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

१९/
हा चित्रपट आम्ही बहुतेकांनी चित्रगृहात पाहिला नाही. गणपतीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला, मग दूरचित्रवाणीवर. १९९९ला आमचा जिल्हा झाला, त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली. पेट्यांचा नकाशा प्रथमच निरुपयोगी ठरला. दादर आणि देवरी एकाच रात्री एकाच संवादावर हसू लागली. १९३८चा ‘ब्रह्मचारी’ आणि १९५२चा ‘लाखाची गोष्ट’ आमच्यापर्यंत पोचले, तेही यानंतरच.

२०/
१९९२चा ‘एक होता विदूषक’ विनोदी चित्रपट नव्हे, तरी तो माझ्या यादीत आहे. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, पटकथा पु. लं.ची, प्रमुख भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या चित्रपटात जातो, मोठा होतो, आणि हसवणे हरवून बसतो. प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. लक्ष्या रडवतो आहे हे त्यांना सहन झाले नसावे. १६ डिसेंबर २००४ला बेर्डे गेले. त्यानंतर तो चित्रपट मी पुन्हा पाहिला, तेव्हा हसण्याची दृश्येच अधिक जड गेली.

२१/
एकविसाव्या शतकातून मी फार नावे घेणार नाही. ‘अगं बाई अरेच्चा!’, ‘पोश्टर बॉईज’ उत्तम आहेत. पण माझा ‘वळू’. २००८, उमेश कुलकर्णी. गावातला मोकाट वळू पकडायला वन खात्याचा अधिकारी येतो आणि गावाचे सारे राजकारण त्या वळूभोवती फेर धरते. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्यांना वन खाते हे चित्रपटातले पात्र वाटत नाही. मोह वेचण्यापासून सरपण आणण्यापर्यंत त्याची गाठ पडते. अतुल कुलकर्णींच्या अधिकाऱ्याचे नाव आहे स्वानंद गड्डमवार. ‘वार’ने संपणारी आडनावे आमच्या पूर्व विदर्भाची ओळख. मराठी विनोदपटात आपल्याकडचा माणूस दिसल्याचा तो आनंद, खरे सांगतो, हास्यास्पद वाटावा इतका मोठा होता.

२२/
कारण तो दुर्मीळ आहे. मराठी पडद्यावर विनोदाची बोली बदलत गेली: आधी पुणेरी, मग दादांची ग्रामीण, मग मुंबईची मिश्र, अलीकडे मराठवाडी आणि वऱ्हाडी. झाडीबोलीची पाळी आलेली नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर आयुष्यभर काम केले, बोलीची साहित्यचळवळ उभी केली. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणे हा अशुद्धपणा नसून बोलीचा नियम आहे, हे शाळेत मार खाल्लेल्या आमच्यासारख्यांना त्यामुळे उशिरा कळले. त्या बोलीवर रात्रभर हसणारे हजारो प्रेक्षक दरवर्षी चार जिल्ह्यांत तिकीट काढून बसतात. एवढी बाजारपेठ समोर असताना निर्माते वळत नाहीत, याचे कारण बोली कठीण आहे हे नव्हे. कॅमेऱ्याला या दिशेची सवयच नाही.

२३/
२०२३ला परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली. गडचिरोली जिल्ह्यातले, शेती करणारे, झाडीपट्टीचे विनोदी नट. पुरस्काराच्या परिचयात पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका अशी नोंद होती. वृत्तपत्रांनी त्यांची ओळख करून दिली ती ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ अशी. कौतुकानेच दिली. आमच्याकडेही लोक त्यांना तसेच म्हणतात, अभिमानाने म्हणतात. मला ती पदवी वाचताना मात्र तेरावा भाग आठवतो. पाच हजार प्रयोग करणाऱ्या नटाची ओळख सांगायला, ज्याचे चित्रपट आहेत अशा नटाचे नाव उसने घ्यावे लागले. दादा गेले १४ मार्च १९९८ला. ‘सोंगाड्या’ आज रात्रीही कुणीतरी पाहत असेल. खुण्यांचे ते प्रयोग ज्यांनी पाहिले, त्यांच्यापाशीच आहेत.

२४/
यादी मागणाऱ्यांसाठी, माझ्या क्रमाने: सोंगाड्या, बनवाबनवी, वळू, लाखाची गोष्ट, एक डाव भुताचा, ब्रह्मचारी, एक होता विदूषक, पांडू हवालदार, हरिश्चंद्राची फॅक्टरी. दहावी जागा रिकामी ठेवली आहे. मंडईतल्या एखाद्या खडी गंमतीचे किंवा झाडीपट्टीच्या नाटकाचे जुने चित्रीकरण कुणाच्या घरी व्हीएचएस कॅसेटवर पडून असेल, तर बुरशी धरण्याआधी ती उतरवून घ्यावी आणि येथे खाली कळवावे. कॅसेटवर गावाचे नाव आणि वर्ष लिहिलेले असेल, तर तेही सांगा.